वालिदांची वसियत आणि पाटण्याचं ग्रंथालय : खानबहादूर खुदाबख्श खान

आपल्या मोहल्ल्यात मशीद असते, मदरसा असतो, शादीखाना असतो. चहाच्या हॉटेलांना तर तोटाच नाही. पण संध्याकाळी तासभर निवांत बसून पेपर वाचावा, एखादं पुस्तक चाळावं, अशी जागा किती मोहल्ल्यांत आहे? हा प्रश्न निघाला की आम्हाला पाटण्याचे खानबहादूर खुदाबख्श खान आठवतात. ते नवाब नव्हते, जहागीरदार नव्हते. व्यवसायाने वकील होते. पण वकिलीत कमावलेला पैसा त्यांनी पुस्तकांत घातला आणि ती पुस्तकं लोकांना देऊन टाकली. त्यांनी उभारलेलं ग्रंथालय आजही पाटण्यात गंगेच्या काठी, अशोक राजपथावर उभं आहे. खुदाबख्श ओरिएंटल पब्लिक लायब्ररी म्हणून साऱ्या जगातले अभ्यासक ते ओळखतात.

पुस्तकांच्या घरात जन्म

खुदाबख्श यांचा जन्म 2 ऑगस्ट 1842 रोजी बिहारमध्ये, तेव्हाच्या सारण जिल्ह्यात झाला. वालिद मुहम्मद बख्श पाटण्यात वकिली करत. घरात फार मोठी दौलत नव्हती, पण वालिदांना अरबी-फारसी हस्तलिखितांचा जबरदस्त शौक होता. कमाईतला मोठा वाटा हस्तलिखितं विकत घेण्यात जाई. मुलगा हे सगळं पाहतच लहानाचा मोठा झाला.

शिक्षण पाटणा आणि कलकत्ता इथे झालं. पुढे वालिदांची तब्येत ढासळली, घरची जबाबदारी अंगावर आली आणि खुदाबख्श यांना नोकरी धरावी लागली. आधी कोर्टात पेशकार, मग शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर, असं करत करत त्यांनी कायद्याचा अभ्यास पूर्ण केला. 1868 मध्ये परीक्षा पास होऊन पाटण्यात वकिली सुरू केली. पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे शंभरावर वकीलपत्रं आली, असं सांगतात. थोड्याच वर्षांत शहरातल्या नामवंत वकिलांत त्यांची गणना होऊ लागली. पुढे ते सरकारी वकील झाले, खानबहादूर हा किताबही मिळाला.

मृत्युशय्येवरची जबाबदारी

1876 मध्ये वालिदांचा इंतकाल झाला. जाताना त्यांनी मुलाच्या हाती सुमारे 1,400 हस्तलिखितं सोपवली आणि एक वसियत केली. हा संग्रह वाढवावा आणि तो घरात कुलूपबंद न ठेवता लोकांसाठी खुलं ग्रंथालय करावं, अशी ती वसियत होती.

इथे आपण जरा थांबून विचार करायला हवा. वसियत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जमीन, घर, दागिने येतात. भावाभावांत वाद होतात, ते कोर्टापर्यंत जातात. इथे मात्र एका बापाने मुलाला मिळकत नव्हे, तर आयुष्यभराचा खर्च ठेवला होता. मुलाने तो आनंदाने पत्करला आणि पुढची बत्तीस वर्षं, अगदी शेवटच्या श्वासापर्यंत निभावला.

पुस्तकांच्या शोधात

नुसत्या पाटण्यात बसून असा संग्रह होत नाही. खुदाबख्श यांनी मुहम्मद मक्की नावाच्या एका अरब जाणकाराला महिना 50 रुपये पगारावर ठेवलं. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. या माणसाने तब्बल अठरा वर्षं कैरो, दमास्कस, बैरूत, अरबस्तान, इराण असा प्रवास करत दुर्मिळ हस्तलिखितं जमवली. शिवाय जो कोणी हस्तलिखित विकायला पाटण्याला येईल, त्याला येण्या-जाण्याचं रेल्वेभाडं खुदाबख्श स्वतः देत. सौदा ठरो न ठरो, भाडं मिळायचंच. त्यामुळे हिंदुस्थानात कुठेही चांगलं हस्तलिखित विक्रीला निघालं की विकणाऱ्याला आधी पाटणा आठवे.

याचा एक मजेदार पुरावाही आहे. ग्रंथालयातल्या एका बाइंडरने काही हस्तलिखितं चोरून लाहोरच्या एका व्यापाऱ्याला विकली. त्या व्यापाऱ्याने चांगलं गिऱ्हाईक म्हणून ती नेमकी खुदाबख्श यांनाच विकायला काढली! चोरी उघड झाली आणि पुस्तकं घरी परत आली.

1895 च्या सुमारास ते निजामाच्या हैदराबाद राज्यात हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि सुमारे तीन वर्षं त्या पदावर राहिले. आपला मराठवाडा तेव्हा याच राज्यात होता, हे लक्षात घेतलं तर हा माणूस आपल्यालाही तितकासा परका राहत नाही. तिथला एक किस्सा सांगतात. कोर्टातून परतताना त्यांना एका पिठाच्या दुकानात जुन्या कागदांचा ढीग दिसला. त्यांनी भाव विचारला. दुकानदार हुशार निघाला. दुसऱ्या कुणाला हा कचरा तीन रुपयांना दिला असता, पण न्यायाधीश साहेब स्वतः विचारतात म्हणजे यात काहीतरी असणार, असा हिशेब करून त्याने वीस रुपये मागितले. खुदाबख्श यांनी घासाघीस न करता ते दिले. त्या ढिगातल्या एकाच अरबी पुस्तकासाठी पुढे निजामाकडून 400 रुपये देऊ करण्यात आले. त्यांनी ते विकलं नाही.

दरवाजा सर्वांसाठी

पाटण्यात ग्रंथालयासाठी सुमारे 80 हजार रुपये खर्चून दुमजली इमारत उभी राहिली होती. 1891 मध्ये रीतसर विश्वस्तपत्र करून इमारत आणि संग्रह लोकांच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर चार्ल्स इलियट यांच्या हस्ते ग्रंथालय खुलं झालं. वालिदांच्या 1,400 हस्तलिखितांची संख्या तोवर 4,000 वर गेली होती.

त्यांची एक अट मात्र कडक होती. हा संग्रह पाटण्याबाहेर जाणार नाही. ज्याला वाचायचं आहे त्याने इथे यावं, बसावं, हवं तितकं वाचावं. ब्रिटिश म्युझियमने या संग्रहासाठी मोठी रक्कम देऊ केली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. आपण गरीब आहोत हे त्यांना ठाऊक होतं, पण बापलेकांनी आयुष्य वेचून जमवलेली ठेव पाटण्याच्या लोकांची आहे, ती विकायचा आपल्याला हक्क नाही, अशी त्यांची भूमिका होती.

आत काय काय आहे, ते थोडक्यात सांगतो. तैमूरच्या घराण्याचा चित्रमय इतिहास सांगणारी तारीख-ए-खानदान-ए-तिमूरिया ही मुघलकालीन प्रत इथे आहे. युनेस्कोने तिची जागतिक वारशाच्या दस्तऐवजांत नोंद केली आहे. हाफिजच्या दीवानची एक प्रत आहे. हुमायून आणि जहांगीर बादशहा तिच्यातून शकुन पाहत आणि समासात स्वतःच्या हाताने नोंदी करत. अंदलूसचे थोर शल्यवैद्य अल-जहरावी यांच्या ग्रंथाची प्रत आहे, तिच्यात शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रं आहेत. आपल्या पूर्वजांचं इल्म म्हणजे काय, हे भाषणातून कळत नाही, ते असं डोळ्यांनी पाहावं लागतं.

या ग्रंथालयाचा फायदा फक्त मुसलमानांना झाला असं नाही. शिवाजी महाराजांचं चरित्र आणि औरंगजेबाचा इतिहास लिहिणारे जदुनाथ सरकार पाटण्याच्या कॉलेजात शिकवत होते. इथल्या फारसी साधनांचा त्यांना मोठा उपयोग झाला आणि खुदाबख्श यांच्यावर त्यांनी आदराने लेखही लिहिला. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासावर झालेल्या कामातही पाटण्याच्या या वकिलाचा थोडा वाटा आहे.

एक स्वप्न

खुदाबख्श यांच्या एका स्वप्नाची हकीकत प्रसिद्ध आहे. ग्रंथालयाजवळच्या गल्लीत गर्दी जमली आहे. लोक सांगतात, प्रेषित मुहम्मद (स.) ग्रंथालय पाहायला आले आहेत आणि तुम्ही कुठे आहात? ते धावत जातात, पण तोवर उशीर झालेला असतो. टेबलावर हदीसची दोन हस्तलिखितं उघडी दिसतात आणि कळतं की हुजूर हीच वाचत होते. जागे झाल्यावर त्यांनी त्या दोन्ही प्रतींवर लिहून ठेवलं की या कधीही ग्रंथालयाबाहेर जाऊ नयेत. स्वप्नाचा अर्थ ज्याने त्याने लावावा. आम्हाला त्यातून एवढंच दिसतं की या माणसाला झोपेतही आपल्या ग्रंथालयात कोण येतं आणि काय वाचतं, याचीच काळजी होती.

शेवट कर्जात, दफन ग्रंथालयातच

हैदराबादहून परतल्यावर त्यांनी पुन्हा वकिली सुरू केली, पण लवकरच अर्धांगवायूने गाठलं. कमाई थांबली. सगळा पैसा पुस्तकांत गेलेला, वर कर्ज झालेलं. शेवटी सरकारने कर्ज फेडण्यासाठी 8,000 रुपये दिले आणि ग्रंथालयाचे सचिव म्हणून महिना 200 रुपये ठरवून दिले. एकेकाळचा नामवंत वकील, मुख्य न्यायाधीश अखेर या रकमेवर जगला. एखाददुसरं हस्तलिखित विकलं असतं तर कर्ज सहज फिटलं असतं. त्यांनी ते केलं नाही. 3 ऑगस्ट 1908 रोजी त्यांचा इंतकाल झाला आणि ग्रंथालयाच्याच आवारात त्यांना दफन करण्यात आलं.

1969 मध्ये संसदेने कायदा करून या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून दर्जा दिला. आज तिथे 21 हजारांवर हस्तलिखितं आहेत. आवारातल्या कर्झन रीडिंग हॉलमध्ये कॉलेजची मुलं पेपर आणि पुस्तकं वाचत बसलेली असतात. 2021 मध्ये उड्डाणपुलासाठी या हॉलचा काही भाग पाडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सगळ्या समाजांतले वाचक आणि इतिहासकार विरोधात उभे राहिले. मरहूम खुदाबख्श यांनी लोकांना ग्रंथालय दिलं होतं. शंभरावर वर्षांनी लोकांनी ते आपलं मानलं होतं, हे तेव्हा दिसलं.

आपल्यापैकी प्रत्येकाला 4,000 हस्तलिखितं जमवता येणार नाहीत. पण मोहल्ल्यातली एक रिकामी खोली, दोन बाकं, चार पेपर, मुलांसाठी काही पुस्तकं आणि संध्याकाळी दोन तास किल्ली सांभाळणारा एक माणूस, एवढं तर जमू शकतं. लग्नाच्या मांडवावर एका रात्रीत जे उडतं, त्यातल्या थोड्याशा पैशांत हे वर्षभर चालेल. दान केलेलं इल्म माणूस गेल्यावरही सवाब देत राहतं, हे आपण नेहमी ऐकतो. खुदाबख्श यांनी ते करून दाखवलं. अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि आपल्याला त्यातला थोडा तरी हिस्सा उचलण्याची तौफीक देवो. आमीन.