ग्रंथांचा पत्ता शोधणारे गणिती

१९२४ सालच्या जानेवारी महिन्यात मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून गणिताचे एक तरुण प्राध्यापक रुजू झाले, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच आपणांस पुन्हा महाविद्यालयात जाऊ द्यावे म्हणून वरिष्ठांकडे गेले. वर्गातील मुलांच्या सहवासाची सवय जडलेल्या त्या माणसास कपाटांमधील एकांत सोसवेना. वरिष्ठांनी तोड काढली ती अशी की, ग्रंथालयशास्त्र शिकण्यास आधी विलायतेस जावे. परत आल्यावरही मन रमले नाही, तर खुशाल अध्यापनाकडे वळावे. ते गेले, आणि परतल्यावर गणिताच्या वर्गाचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

हे गृहस्थ म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी १८९२ साली त्यांचा जन्म झाला. सहा वर्षांचे असतानाच पित्याचे छत्र हरपले. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी गणिताची पदवी घेतली व १९१७ पासून मंगळूर, कोइमतूर आणि मद्रास येथे अध्यापन केले. बोलताना अडखळण्याची व्याधी असूनही हा मार्ग त्यांनी पत्करला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ग्रंथपालाच्या जागेसाठी नऊशे अर्ज आले होते. त्यांपैकी निवड झाली रंगनाथन यांची. आणि त्यांचे त्या विषयाचे ज्ञान म्हणाल, तर मुलाखतीपूर्वी काही दिवस विश्वकोशात वाचलेला ग्रंथालयांवरील एक लेख, एवढेच! या शास्त्राचे शिक्षण तेव्हा आपल्या देशात दुर्मीळच होते. बडोद्यास मात्र सयाजीराव महाराजांनी १९१० सालीच अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतले होते व त्यांनी ग्रंथपालांसाठी वर्गही चालविला होता.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स हे त्यांना गुरू लाभले. इंग्लंडातील शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. बहुतेक ठिकाणी अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धती किंवा तिच्यासारखीच एखादी योजना चालू होती. अशा योजनेत विषयांची लांबलचक यादी आधीच तयार असते व हाती आलेला ग्रंथ तिच्यातील एका घरात बसवावयाचा असतो. पण यादी करणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेला विषय पुढे आला, तर त्याला घर कोठून द्यावे? हा प्रश्न रंगनाथन यांच्या गणिती मनाला छळू लागला.

उत्तर सुचले ते खेळण्यांच्या दुकानात. लंडनच्या सेल्फ्रिज या मोठ्या दुकानात मेकॅनो नावाचे खेळणे कोणी चालवून दाखवीत होते. पट्ट्या, चाके, खिळे, मळसूत्रे इतकेच साहित्य. पण जोडणी बदलली की त्यांतूनच निरनिराळ्या वस्तू उभ्या राहत. विषयांचेही असेच सुटे भाग का करू नयेत? परतीच्या प्रवासात बोटीवरच त्यांनी या कल्पनेची जुळवाजुळव आरंभिली, आणि १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

एक उदाहरण घेऊ. भारतात फुप्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनी केलेल्या उपचारांविषयी १९५० सालचे संशोधन, असा एखाद्या ग्रंथाचा विषय आहे. रंगनाथन प्रथम त्याचे तुकडे पाडतात. त्यांच्या कोष्टकांच्या पुढील आवृत्तीप्रमाणे वैद्यकाला ‘एल’ हे अक्षर, फुप्फुसाला ४५, क्षयाला ४२१, उपचाराला ६, भारताला ४४ आणि १९५० या सालाला ‘एन ५’ अशी चिन्हे आहेत. ती ठराविक क्रमाने, मध्ये विरामचिन्हे देऊन जोडली की ग्रंथाचा पत्ता तयार होतो. हा क्रम लहरीने लागत नाही. कोणत्याही विषयाचे पैलू व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल या पाच मूलभूत कोटींत मोडतात, असा त्यांचा सिद्धांत होता.

तरीही अर्धेच काम झाले. वाचक काही ‘एल ४५’ विचारीत येत नाही. तो क्षय हा शब्द घेऊन येतो, किंवा फुप्फुस हा. म्हणून शब्दांची वर्णानुक्रमाने सूची हवी. पण वैद्यक, फुप्फुस, क्षय आणि उपचार या चार शब्दांची प्रत्येक उलटसुलट मांडणी करावयाची, तर २४ कार्डे लिहावी लागतात. पाच शब्द असतील तर १२०! येथे गणिती मदतीस आला. रंगनाथन यांनी ‘साखळी पद्धती’ काढली. पत्त्याच्या शेवटच्या कडीपासून मागे यावयाचे: उपचार, क्षय, फुप्फुस, वैद्यक हे पहिले कार्ड, क्षय, फुप्फुस, वैद्यक हे दुसरे, फुप्फुस, वैद्यक हे तिसरे, आणि नुसते वैद्यक हे चौथे. चार शब्दांना चार कार्डे पुरतात. क्षय हा शब्द शोधणाऱ्याला तेथे अंक मिळतो. तो अंक घेऊन तो वर्गीकृत तालिकेच्या खणाकडे गेला की क्षयामागोमाग त्याच्या उपचारांचे ग्रंथही ओळीने सापडतात. पुढे १९५० साली सुरू झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने विषयसूचीसाठी हीच साखळी स्वीकारली व १९७० पर्यंत वापरली. विलायतेस शिकण्यास गेलेल्या विद्यार्थ्याने गुरुगृही केलेली ही परतफेडच म्हणावयाची.

या सर्व खटाटोपामागील दृष्टी त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या पाच सूत्रांत सांगितली. त्यांचा आशय थोडक्यात असा: ग्रंथ वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ व प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक भेटला पाहिजे, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, आणि ग्रंथालय ही वाढती, सजीव वस्तू आहे. मद्रासमध्ये वीस वर्षे त्यांनी रजा घेतली नाही. विवाहाच्या दिवशीही दुपारी ते कामावर हजर झाले, असे सांगतात. हे अनुकरणीय आहे असे मात्र प्रस्तुत लेखकास वाटत नाही. १९४५ साली ते काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात गेले आणि दोन वर्षांत तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी एकट्याने केले.

उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष ग्रंथांहून लहान अशा वस्तूकडे, म्हणजे नियतकालिकांतील लेखांकडे, अधिक वळले. संशोधकाला हवा असलेला दहा पानांचा निबंध जाड अंकाच्या पोटात दडलेला असतो व कपाटावर त्याचे नावही दिसत नाही. त्याची सूची करणे, त्याचे सार काढणे आणि मागणी येताच तो हाती देणे, या कामाचे शिक्षण देणारे केंद्र त्यांनी १९६२ साली बंगळूर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने उभारले. आयुष्यभराची एक लाख रुपयांची शिल्लक त्यापूर्वीच त्यांनी मद्रास विद्यापीठास ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी देऊन टाकली होती.

त्यांची द्विबिंदू पद्धती फार थोड्या ग्रंथालयांनी उचलली, हे खरे. आपल्या देशातही बहुतेक ठिकाणी ड्यूईचेच अंक दिसतात. रंगनाथन यांची चिन्हे सामान्य वाचकास क्लिष्ट वाटतात, आणि ती आहेतही. पण विषयाचे पैलू सुटे करून त्यांवरून शोध घेण्याची त्यांची कल्पना जगभर रुजली. आज संगणकावर काही शोधताना विषय, स्थळ, साल अशा निरनिराळ्या चौकटींतून निवड करावयास मिळते. त्या रचनेत या कल्पनेचा अंश आहे.

२७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिन, १२ ऑगस्ट, भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. गंमत अशी की, लाखो ग्रंथांना अचूक जागा देणाऱ्या या पुरुषाची खरी जन्मतारीख ९ ऑगस्ट होती. सरकारी कागदांत मात्र ती १२ अशी नोंदली गेली, आणि तीच कायम राहिली.