एकट्याचे विरोधी मत

महात्मा जोतीराव फुले म्हटले की आम्हांला १८४८ ची मुलींची शाळा आणि १८७३ चा सत्यशोधक समाज आठवतो. नगरपालिकेतले जोतीराव मात्र आम्ही विसरतो.

१८२७ साली जन्मलेले जोतीराव १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद झाले. ज्याने नेमले त्याच्यापुढे मान तुकवायची, हीच तेव्हाची रीत. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी १,००० रुपये खर्चाचा प्रस्ताव सभेपुढे आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी भूमिका जोतीरावांनी घेतली. ३२ सभासदांच्या सभागृहात विरोधी मत पडले ते त्यांचे एकट्याचे! प्रस्ताव मंजूर झाला.

१८९० साली जोतीराव गेले. त्या ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांची नावे आज कुणाला ठाऊक आहेत? राखीव जागांमुळे आमची माणसे सभागृहात पोहोचली. पण विषयपत्रिका न वाचताच 'मंजूर' म्हणणारेही त्यांच्यात आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच: हिशेब मागा, मतदान मागा आणि हरलात तरी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. बहुमत ठराव जिंकते. पण नोंदवलेला विरोध उद्या वस्तीच्या हाती पुरावा म्हणून उरतो.