कै. वसंतराव नाईक

मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें क्षेत्र आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तेथून जवळच, पुसद तालुक्यांतील गहुली ह्या खेड्यांत दि. १ जुलै १९१३ रोजीं वसंतराव फुलसिंग नाईक ह्यांचा एका बंजारा शेतकरी कुटुंबांत जन्म झाला. प्राथमिक शिक्षणासाठीं त्यांस गांवोगांव हिंडावें लागलें. पुढें नागपुरास मॉरिस कॉलेजांत शिकून ते वकील झाले. १९५२ सालीं ते विधानसभेवर निवडून आले व १९६३ च्या डिसेंबरांत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. तें पद त्यांनीं ११ वर्षांहून अधिक काळ भूषविलें.

तो काळ धान्यटंचाईचा होता. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतींत स्वयंपूर्ण न झाल्यास आपणांस फासावर द्यावें, असें त्यांनीं १९६५ सालीं पुण्यास भर सभेंत सांगितलें. त्यांचा भरंवसा होता तो संकरित ज्वारीवर. तिचें पहिलें वाण, सीएसएच-१, १९६४ सालीं निघालें. ताट बुटकें, पीक लवकर येणारें, उत्पन्न गांवठी ज्वारीहून पुष्कळ अधिक. परंतु पेरणीस उशीर झाला कीं खोडमाशीनें कोंब जळत. मग औषधाची भुकटी व फवारा हीं शेतकऱ्याच्या घरीं आलीं.

विष घरांत येणें ही लहान गोष्ट नव्हे. १९५८ सालीं केरळांत जहाजावर पॅराथिऑन ह्या कीटकनाशकाचा संसर्ग झालेलें अन्न खाऊन शंभरावर माणसें दगावलीं होतीं. १९६८ सालीं केंद्राचा कीटकनाशक कायदा झाला व १९७१ पासून तो अंमलांत आला. औषधाची नोंदणी केंद्राकडे, तर विक्रेत्यांस परवाने देणें व निरीक्षक नेमणें हें काम राज्यांकडे आलें. असा कायदा म्हणजे शेतकऱ्यावर ओझें, असें म्हणणारे आजही भेटतात. आम्हांस तें पटत नाहीं. भेसळीची भुकटी घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसाही जातो व पीकही जातें. मग ओलिताच्या शेतकऱ्यासमोर तो एकाच बाजारांत कसा टिकावा? मात्र परवाना केवळ भिंतीवर टांगून भागत नाहीं. २०१७ सालीं नाईकांच्याच यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले.

अकोल्याचें कृषिविद्यापीठ १९६९ सालचें, तें त्यांच्याच कारकीर्दींतील. कापूस एकाधिकार खरेदी १९७२ सालीं सुरू झाली. तिनें हमीचा भाव दिला खरा, परंतु बाहेर भाव चढला कीं कापूस सीमेपलीकडे जाई. त्याच वर्षींच्या भीषण दुष्काळांत रोजगार हमीच्या कामांनीं लक्षावधि कुटुंबें जगलीं.

१९७५ सालीं त्यांनीं मुख्यमंत्रिपद सोडलें. १९७७ सालीं वाशीम मतदारसंघानें त्यांस लोकसभेवर पाठविलें. दि. १८ ऑगस्ट १९७९ रोजीं सिंगापूर येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रांत कृषिदिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास आपल्याकडे पेरण्या चाललेल्या असतात.