साने गुरुजी आणि तमिळ ‘कुरल’

साने गुरुजींचे नाव घेताच ‘श्यामची आई’ आठवते. ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. त्यापूर्वी दूर दक्षिणेतील एका तुरुंगात गुरुजींनी केलेले कार्य मात्र जैन वाचकांच्या जिव्हाळ्याचे असूनही उपेक्षितच राहिले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील शिक्षकाची नोकरी सोडून १९३० साली ते सत्याग्रहात उतरले. शिक्षा झाली आणि धुळ्याहून त्यांची रवानगी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात झाली. तेथे दक्षिणेतील सत्याग्रही सहबंदी होते. एकाच देशासाठी कारावास पत्करलेल्या माणसांना एकमेकांची भाषा येऊ नये, ही खंत गुरुजींच्या मनाला लागली. ते तमिळ शिकू लागले आणि त्याच तुरुंगात त्यांनी ‘तिरुक्कुरल’चा मराठी अनुवाद केला.

तिरुवळ्ळुवरांचा हा ग्रंथ म्हणजे १३३ अध्यायांतील १३३० द्विपदी. धर्म, अर्थ व काम असे त्याचे तीन भाग. ग्रंथकार कोणत्या संप्रदायाचे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. जैन परंपरा मात्र त्यांचे नाते आचार्य कुंदकुंदांशी जोडते आणि पहिल्याच द्विपदीतील ‘आदिभगवन्’ हे संबोधन भगवान आदिनाथांचे मानते. मांसत्यागावर व जीवहत्या न करण्यावर स्वतंत्र अध्याय असलेला हा ग्रंथ जैनांना परका वाटणे कठीणच! ‘नालडियार’ आणि ‘जीवकचिंतामणी’ या तमिळ कृती तर जैन मुनींच्याच आहेत.

गुरुजींची ती खंत तुरुंगाबरोबर संपली नाही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी मुंबईत ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. दादरच्या शेजारी माटुंग्यात तमिळ कुटुंबांची वस्ती केव्हाच रुजली होती. रोजचे जाणे-येणे होते, पण त्यांच्या काव्याशी मराठी माणसाचा परिचय नव्हता. १९४९ च्या पुणे येथील साहित्य संमेलनात गुरुजींनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. भारतीय भाषा शिकण्याची आणि त्यांतील साहित्य परस्परांच्या भाषेत आणण्याची सोय व्हावी, ही त्यांची तळमळ होती. त्यासाठी त्यांनी निधीचे आवाहनही केले.

११ जून १९५० रोजी मुंबईतच त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली. आंतरभारती त्यांच्या हयातीत साकार झाली नाही.