ऑक्सिजन म्हणजे आंबट?

ऑक्सिजन हा शब्द तुम्ही शाळेत कितीदा तरी ऐकला असेल. पण त्याचा अर्थ काय, हे कधी कुणाला विचारलंत का? ग्रीक भाषेत ऑक्सिस म्हणजे धारदार किंवा आंबट. जेन म्हणजे निर्माण करणारा. म्हणजे ऑक्सिजन झाला आंबटपणा निर्माण करणारा! ज्या वायूवर आपण जगतो, त्याचं असं नाव?

हे नाव ठेवलं फ्रान्सच्या आंत्वान लाव्हाझिए यांनी. ते १७४३ साली पॅरिसमध्ये जन्मले. शिकले वकिली, पण ओढ होती रसायनशास्त्राची. राजासाठी लोकांकडून कर गोळा करणाऱ्या एका कंपनीत त्यांची भागीदारी होती. (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.) अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. बायको मारी तेव्हा फक्त १३ वर्षांची होती. नवऱ्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून ती इंग्रजी शिकली, त्यांना भाषांतरं करून देऊ लागली. त्यांच्या पुस्तकातली उपकरणांची चित्रंही तिनेच काढली.

१७७४ साली इंग्लंडचे जोसेफ प्रीस्टली पॅरिसला आले. जेवताना त्यांनी सांगितलं, की पाऱ्याचं लाल भस्म तापवलं की एक वायू निघतो आणि त्यात मेणबत्ती फार जोरात जळते. लाव्हाझिए यांनी स्वतः प्रयोग करून पाहिले. ते प्रत्येक गोष्ट तराजूत तोलायचे. त्यांना दिसलं, की गंधक जळताना हाच वायू त्याला मिळतो, आणि ते पाण्यात विरघळलं की आम्ल तयार होतं. फॉस्फरसचंही तसंच. (आम्ल म्हणजे ॲसिड. आपला आंबट हा शब्द त्याचाच भाऊबंद.) मग त्यांनी ठरवलं, सगळी आम्लं या वायूमुळेच होतात. नावातूनच वस्तूचा गुण कळावा, असा त्यांचा आग्रह होता. १७८७ साली त्यांनी तीन मित्रांबरोबर नव्या नावांचं पुस्तक काढलं. त्यात ऑक्सिजन होता.

जर्मन लोकांनी अर्थ तोच ठेवून आपला शब्द केला, झाउअरश्टॉफ, म्हणजे आंबट पदार्थ. रशियन लोकांनी केला किस्लोरोद. त्यातही किस्लो म्हणजे आंबटच.

पण लाव्हाझिए चुकले होते. १८१० साली इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी दाखवून दिलं, की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नसतो. हे आम्ल तुमच्या पोटातही आहे बरं का!

लाव्हाझिए यांना ही चूक कधीच कळली नाही. फ्रान्समध्ये क्रांती झाली होती आणि कर गोळा करणाऱ्यांवर लोकांचा राग होता. ८ मे १७९४ या दिवशी त्यांना गिलोटिनवर मारलं. मारीचे वडीलही त्याच कंपनीत होते. त्यांनाही त्याच दिवशी मारलं.

नाव मात्र तसंच राहिलं. पोलिश भाषेने नंतर वेगळा शब्द घेतला, धुमसण्यावरून, ट्लेन. आणि मराठीत? पुस्तकात प्राणवायू. प्राण हा शब्द योगात फार जुना, श्वासाशी जोडलेला. त्यात आंबटपणा अजिबात नाही. पण हॉस्पिटलमध्ये कुणी प्राणवायूचा सिलिंडर मागताना मी तरी ऐकलेलं नाही. तिथे सगळे ऑक्सिजनच म्हणतात.