रमाबाई आणि श्रीनिवास

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) म्हटले की केडगावचे मुक्ती मिशन आठवते. तिच्या थोरल्या भावाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

दुष्काळात १८७४ साली त्यांचे आईवडील पाठोपाठ गेले. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. दोघे परके आले, तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. ती ठेंगणी, म्हणून तिने तिरडी डोक्यावर घेतली. पुढे थोरली बहीणही गेली. मग हे दोघे हजारो मैल पायी हिंडले. झेलमकाठी पांघरायला काही नव्हते, म्हणून वाळूत खड्डे खणून त्यांनी गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली. पौषात आपल्या कृष्णाकाठी पहाटे गेलेल्यांना त्या थंडीची कल्पना येईल!

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' पदवी दिली ती बहिणीला. श्रीनिवास तिच्याबरोबर स्त्रीशिक्षणावर व्याख्याने देत राहिला. (आपल्याकडे एकाला बक्षीस मिळाले की दुसरा तोंड फुगवून बसतो.) १८८० साली तो डाक्क्यात आजारी पडला. आपल्यामागे हिचे कसे होणार, हाच त्याला घोर. आपल्या दोघांना देवच सांभाळील, असे तिने सांगितले. तेव्हा त्याची भीती गेली.