रमाबाईंचा रोजचा वसा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत असे आमच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. यजमान गेल्यापासून सात-आठ महिने मी मंडळाची पायरी चढले नव्हते. शिवणाचा वर्ग माझ्याकडे असे, तोही बंद पडला होता. कुणी विचारले की उत्साह वाटत नाही, हे माझे ठरलेले उत्तर. त्याच सुमारास कपाट आवरताना श्रीमती रमाबाई रानडे यांचे आठवणींचे जुने पुस्तक हाती लागले. पूर्वी ते मी न्यायमूर्ती रानड्यांचे चरित्र म्हणून वाचले होते. या वेळी ते रमाबाईंचे म्हणून वाचले. त्यातून, आणि त्यांच्या पुढच्या कार्याची जी माहिती आपल्या सर्वांना आहे तिच्यातून, मला जे उमगले ते भगिनींपुढे ठेवते.

रमाबाईंचा जन्म 1862 सालचा. सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही यमुना 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, रानड्यांच्या घरी सून म्हणून आली. पती एकतीस वर्षांचे, मोठे विद्वान. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी हे लग्न केले होते. नव्या नवरीला अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी तिला स्वतः शिकवायला घेतले आणि तिच्या कसोटीचा काळ सुरू झाला.

घर मोठे, माणसांचा राबता मोठा. शिकणारी सून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना खपत नसे. टोमणे, अबोला, टाकून बोलणे हे रोजचेच. दिवसभर घरकाम करावे, सर्वांची बोलणी ऐकावीत आणि रात्री पतीजवळ बसून धडा घ्यावा, असा त्यांचा क्रम होता. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, पण धडाही सोडला नाही. कधी डोळ्यांत पाणी येई, कधी पतीजवळ मन मोकळे करीत. दुसऱ्या दिवशी मात्र पुस्तक पुन्हा उघडत.

पुढे मिस हरफर्ड या बाईंकडे त्या इंग्रजी शिकल्या. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाजाच्या सभा सुरू झाल्या. त्या सभांना रमाबाई जाऊ लागल्या, तेव्हा घरातला रोष अधिकच वाढला. मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. बाहेर कौतुक झाले, घरी बोलणी खावी लागली. आज आपल्याला सभेत उभे राहून आभार मानायचे म्हटले तरी घाम फुटतो. तेव्हा त्या माउलीचे काय झाले असेल, याची कल्पना करावी!

न्यायमूर्तींना सरकारी कमिटीच्या कामासाठी कलकत्त्यास राहावे लागले, त्या वेळची एक गोष्ट मला फार आवडते. तेथे त्यांनी बंगाली शिकायला घेतले आणि हजामत चालू असताना अडलेले शब्द ते न्हाव्यालाच विचारीत. मग तीच भाषा त्यांनी रमाबाईंना शिकविली. शिकण्यासाठी निराळा, निवांत वेळ हवा ही आपली समजूत किती खोटी आहे!

16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्ती गेले. रमाबाईंची चाळिशीही उलटली नव्हती. ज्यांच्याकडून अक्षर शिकल्या, ज्यांच्या पाठबळावर सारे सोसले, ते छत्र हरपले. पुण्याच्या मंडईजवळच्या वाड्यात त्या येऊन राहिल्या आणि वर्षभर सार्वजनिक जीवनापासून अलिप्त राहिल्या. हा मजकूर वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. मला वाटत होते की अशा थोर बाया दुःख गिळून लगेच उभ्या राहतात. तसे नव्हते. त्यांनाही वर्ष लागले.

पण वर्षानंतर त्या बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटायला त्या नेमाने जाऊ लागल्या. रुग्णालयातील आजाऱ्यांकडे फळेफुले घेऊन जात. 1904 साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. 1909 साली गोपाळराव देवधरांच्या साहाय्याने पुण्यास सेवासदन सुरू झाले, ते रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. तेथे लिहिणे-वाचणे, शिवण, शिक्षिकेचे व परिचारिकेचे शिक्षण देण्याची सोय झाली. परिचारिकेचे काम त्या काळी हलके मानीत. तरुण विधवांना त्या कामासाठी पाठवणे म्हणजे लोकनिंदा ओढवून घेणे. पण बोलणी सोसण्याचा अभ्यास त्यांना अकराव्या वर्षापासून होता. जे घरात शिकल्या ते जगात उपयोगी पडले. पुढे मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. 1924 साली त्यांचे निधन झाले. 1962 साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

श्रावणातल्या कहाण्यांत बाया वसा घेतात. मन प्रसन्न असेल त्याच दिवशी तो पाळायचा, असे कुठल्याही कहाणीत नाही. रमाबाईंनी कामाचा वसा असाच घेतला होता, असे मला वाटते. आपण म्हणतो, आधी उत्साह येऊ दे, मग काम करू. त्यांच्या चरित्रात क्रम उलटा दिसतो. नेमलेल्या वेळी नेमलेले काम करावे, उत्साह मागाहून येतो. एखाद्या दिवशी नाही आला, तरी काम झालेले असते.

आपण सगळ्याच रमाबाई नाही, आणि पाठीशी रानड्यांसारखा पती सर्वांना लाभत नाही, हे मी जाणते. परंतु त्यांच्या आयुष्याची शेवटची तेवीस वर्षे पतीवाचूनच गेली, हेही विसरता येत नाही.

असो. गेल्या महिन्यापासून शिवणाचा वर्ग पुन्हा उघडला आहे, दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी तीन ते पाच. पहिल्या दिवशी तिघीच आल्या. माझा हात कापत होता आणि कात्री नीट चालत नव्हती. एक झबले बेतता बेतता पाच कधी वाजले ते कळले नाही. घरी परतताना लक्षात आले की त्या दोन तासांत मी एकदाही घड्याळाकडे पाहिले नव्हते. ज्या भगिनी माझ्यासारख्याच घरात बसून राहिल्या असतील, त्यांनी अवश्य यावे. उत्साह बरोबर आणायची गरज नाही. सुईदोरा आणला तरी पुरे.